सोल्डरिंग आयर्न किती तापवाल?

आच कमी पडली तर डाग कच्चा राहतो आणि जास्त झाली तर पीसीबीच जळते. घरी बसून सर्किट जोडणाऱ्या मुलांनी, आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या आईवडिलांनीही, तापमानाचे हे गणित एकदा समजून घ्यायला हवे.

ज्यांच्या घरी पिक्चर ट्यूबचा टीव्ही होता त्यांना एक दृश्य चांगलेच आठवत असेल. ऐन मालिकेच्या वेळी चित्र गायब व्हायचे, घरातले कोणी तरी उठून टीव्हीच्या डोक्यावर एक थाप मारायचे आणि चित्र परत यायचे. महिनाभर असे चालले की मेकॅनिकला बोलावले जाई. तो मागचे झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात पीसीबी न्याहाळायचा आणि दोन शब्दांत निदान करायचा, ‘ड्राय सोल्डर’. कुठला तरी डाग मुळातच कच्चा राहिलेला असे किंवा वर्षानुवर्षे तापून-निवून तडकलेला असे. गरम आयर्न टेकवून दोन-चार डाग नव्याने दिले की टीव्ही पुन्हा मुकाट चालू लागे.

आता तेच आयर्न शाळकरी मुलांच्या हातात आले आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी एलईडीचा खेळ, रोबोटिक्सचा वर्ग, घरी बनवलेला छोटा ॲम्प्लिफायर, काही ना काही चाललेले असते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, कुठेही गेलात तरी आयर्न, सोल्डर वायर आणि झिरो पीसीबी एकाच दुकानात मिळतात. मिळत नाही ती एवढीच माहिती, की हे आयर्न नेमके किती तापवायचे. दुकानदाराला गर्दीत तेवढी सवड नसते आणि नवशिक्या मुलाला वाटते, जितके गरम तितके काम लवकर. मग ज्या स्टेशनला तापमानाची चकती असते तिथे ती थेट शेवटच्या आकड्यावर, म्हणजे साडेचारशे अंशांवर, नेऊन ठेवली जाते. थोड्याच वेळात बिट काळी पडते, तिला सोल्डर चिकटेनासे होते आणि पीसीबीवरची तांब्याची टिकली उचलून हातात येते. पहिल्याच सर्किटला असे झाले की मुले हिरमुसतात आणि किट माळ्यावर जाते. सुट्टीतली एक चांगली हौस केवळ चुकीच्या आचेमुळे संपते, ही खरोखर वाईट गोष्ट आहे.

कल्हईवाल्याची रीत

पूर्वी दारावर कल्हईवाला येत असे. तो भाता मारून भांडे तापवायचा, त्यात नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाची कांडी भांड्याला नुसती टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने पातळ झालेले कथील सगळीकडे फिरवायचा. क्षणात भांडे रुप्यासारखे चमकू लागे. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो कथील वेगळे वितळवून भांड्यात ओतत नसे. तापवायचा ते भांडे. भांडे पुरेसे तापले असेल तर कथील त्याला लागताच आपोआप वितळे.

सोल्डरिंगचे तत्त्व अगदी हेच आहे. सोल्डर म्हणजे मुख्यतः कथीलच. नवसागराच्या जागी वायरीच्या पोटात भरलेले राळेचे फ्लक्स असते, ते तांब्यावरचा गंज आणि मळ काढून टाकते. आयर्नने तापवायचा तो सांधा, म्हणजे घटकाचा पाय आणि त्याखालची तांब्याची टिकली, दोन्ही एकाच वेळी. मग सोल्डर वायर बिटेला नव्हे, तर सांध्याला लावायची. सांधा तापलेला असेल तर ती तिथेच वितळून सगळीकडे पसरते. बिटेवर सोल्डरचा थेंब घेऊन तो थंड सांध्यावर चिकटवणे ही नवशिक्यांची हमखास होणारी चूक आहे. थेंब वितळलेला असतो म्हणून वाटते डाग बसला. प्रत्यक्षात तो वरवर बसलेला असतो आणि फ्लक्सही वाटेतच जळून गेलेले असते.

(कल्हईचा नवसागर किंवा पत्र्याच्या कामात वापरतात ते ॲसिड फ्लक्स मात्र सर्किटला कधीही लावू नये. ते मागे उरते आणि पुढे बारीक तारा खाऊन टाकते.)

वितळते १८३ला, मग ३५० कशाला?

दुकानात सर्रास मिळणाऱ्या सोल्डर वायरीवर ६०/४० असे लिहिलेले असते. म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे. निव्वळ कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि निव्वळ शिसे ३२७ अंशांना. गंमत अशी, की दोन्ही एकत्र केली की मिश्रण दोघांपेक्षाही कमी तापमानाला वितळते. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे हे त्यातले सर्वांत सोयीचे प्रमाण. ते बरोबर १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते. ६०/४०चे सोल्डर १८३ला मऊ होऊ लागते आणि १९०च्या आसपास पूर्ण पातळ होते. मधल्या त्या सहा-सात अंशांत ते लापशीसारखे असते. त्या क्षणी तार हलली तर डाग आतून भेगाळतो, म्हणून आयर्न उचलल्यावर दोन सेकंद हात स्थिर ठेवायला सांगतात. ५०/५०च्या वायरीत हा लापशीचा टप्पा सुमारे २१५ अंशांपर्यंत लांबतो. ती घेण्यात काही शहाणपण नाही.

आता प्रश्न पडेल, की सोल्डर १९०ला वितळते तर आयर्न ३५०वर कशाला ठेवायचे? त्याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. भाताला शंभर अंश पुरतात, पण गॅसची ज्योत त्याहून कितीतरी गरम असते. फरक जितका जास्त तितकी उष्णता लवकर वाहते. सांधा स्वतः २३० ते २५० अंशांपर्यंत पोहोचला की काम उत्तम होते. तिथवर तो दोन ते तीन सेकंदांत पोहोचावा, एवढ्यासाठी बिट त्याहून गरम ठेवायची. ३००वर ठेवली तर बारीक सांधे जमतात, जाड सांध्याला वेळ लागतो. ४२०वर ठेवली तर फ्लक्स तांबे स्वच्छ करण्याआधीच जळून काळे होते. म्हणून ६०/४०च्या वायरीसाठी ३२० ते ३५० अंश हा पट्टा धरावा. नवशिक्याने ३३०पासून सुरुवात करावी आणि गरज दिसली तरच वर जावे.

शिसेविरहित वायर घेतली असेल तर हिशेब बदलतो. कथील आणि तांबे यांची, म्हणजे ९९.३ आणि ०.७ असे आकडे लिहिलेली वायर २२७ अंशांना वितळते. तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबे असलेली २१७ ते २२० अंशांना. दोन्हींसाठी ३५० ते ३८० अंश लागतात. त्यांचा डाग मुळातच थोडा मळकट आणि खरखरीत दिसतो, तेव्हा चमक नाही म्हणून पुन्हा पुन्हा तापवत बसू नये.

पातळ तवा आणि जाड तवा

इथवर वाचून कोणी म्हणेल, आकडा कळला, आता चिंता नाही. पण नेमके इथेच बहुतेकांचे अडते. आयर्न ३५०वर आहे, स्टेशनच्या पडद्यावरही ३५०च दिसते, तरी बॅटरीच्या जाड तारेवर सोल्डर वितळत नाही. मग मुलगा आकडा वाढवतो. चारशे, सव्वाचारशे. तार ढिम्म राहते आणि तिच्यावरचे प्लॅस्टिक मात्र वितळून मागे सरकते.

भाकरी करणाऱ्या कोणालाही याचे कारण चटकन समजेल. पातळ पत्र्याचा तवा कितीही लाल केला तरी ओली भाकरी टाकताच तो निवतो. जाड लोखंडी किंवा बिडाचा तवा तेवढाच तापलेला असला, तरी भाकरी पडल्यावर तो आपली धग सोडत नाही. तापमान दोघांचे एकच, साठवलेली उष्णता मात्र वेगळी. सोल्डरिंगच्या बिटेचेही तसेच आहे. सुईसारखी टोकदार बिट म्हणजे पातळ तवा. बहुतेक आयर्नसोबत तीच येते आणि दिसायला नाजूक म्हणून मुलांना आवडतेही. पण तिचा सांध्याला स्पर्श होतो तो मोहरीच्या टोकाएवढा. तेवढ्या वाटेने उष्णता वाहणार किती? त्याऐवजी पटाशीसारखी, दोन-अडीच मिलिमीटर रुंदीची चपटी बिट घेतली, तर तिची कड तारेवर आणि टिकलीवर एकाच वेळी टेकते आणि ३३० अंशांतच डाग होतो. नवीन बिटेवर केलेला हा छोटा खर्च महागडे स्टेशन घेण्यापेक्षा अधिक कामाचा ठरतो.

सांध्याला पुरेशी उष्णता न पोहोचण्याचे दुसरे कारण म्हणजे काळी बिट. काळपट थर हा धातूचा गंज असतो आणि तो उष्णता अडवतो. बिटेच्या टोकावर सोल्डरचा ओला, चकचकीत थर सतत असायला हवा. वितळलेला तो थर सांध्याच्या खाचाखोचांत भरतो आणि उष्णतेला वाट देतो. म्हणून दर काही डागांनंतर बिट ओलसर स्पंजवर (ओलसर, निथळणाऱ्या नव्हे) किंवा पितळी तारांच्या गुंडाळीवर पुसावी आणि लगेच तिला थोडे सोल्डर लावावे. बिटेला कानस किंवा पॉलिशपेपर कधी लावायचा नाही. जुन्या साध्या तांब्याच्या बिटा कानसून चालत. आजच्या बहुतेक बिटांच्या तांब्यावर लोखंडाचा मुलामा असतो, कारण वितळलेले कथील तांब्याला हळूहळू विरघळवते. तो मुलामा एकदा खरवडला गेला की बिट थोड्याच दिवसांत खड्डे पडून निकामी होते.

तेव्हा डाग तीन सेकंदांत होत नसेल तर आधी बिट पुसून सोल्डर लावून पाहावे, मग रुंद बिट लावून पाहावे. एवढे करूनही जमले नाही तरच आकडा वीस-तीस अंशांनी चढवावा.

आकडाच नसेल तर?

सगळ्यांकडे स्टेशन असते असे नाही. बऱ्याच घरांत येते ते २५ वॅटचे साधे आयर्न. त्याला बटण नाही, चकती नाही, भिंतीतल्या प्लगला लावले की तापते. छोट्या सर्किटसाठी ते पुरेसे आहे आणि कित्येक पिढ्या त्यावरच शिकल्या. मुलासाठी ६० वॅटचे आणणे मात्र टाळावे. ते जाड तारांच्या आणि पत्र्याच्या कामाचे आहे, नाजूक पीसीबीवर ते टिकल्या उखडते.

अशा आयर्नचे तापमान नजरेने ओळखता येते. बिट पुसून तिला ताजी सोल्डर वायर लावावी. वायर लगेच वितळली आणि फ्लक्सचा पांढुरका धूर संथपणे वर गेला, बिटेवर फ्लक्स काही क्षण मधासारखे पिवळसर राहिले, तर तापमान योग्य. वायर चिखलासारखी रेंगाळली तर थांबावे, आयर्न अजून तापायचे आहे. उलट फ्लक्स चर्र करून उडाले, लगेच काळे पडले आणि बिटेवरची चांदीसारखी चमक काही सेकंदांत पिवळी-निळसर झाली, तर बिट फार तापली आहे. मोहरी टाकल्याबरोबर करपली तर तेल जास्त तापले हे जसे कळते, तसेच हे.

साध्या आयर्नच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, ती म्हणजे व्होल्टेजची. दांड्यावर लिहिलेले २५ वॅट हे २३० व्होल्ट धरून असतात. आयर्नची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८०वर उतरले, तर ते सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाले असे वाटेल, पण तुमचे २५ वॅटचे आयर्न तेव्हा जेमतेम १५ वॅटचे उरते. रात्री उशिरा तेच २५० झाले तर आयर्न साडेएकोणतीस वॅटवर जाते. दुपारी सुरेख झालेले डाग संध्याकाळी कच्चे का राहतात आणि रात्री का जळतात, याचे उत्तर अनेकदा मुलाच्या हातात नसून विजेच्या तारेत असते. त्याला निष्काळजी ठरवण्याआधी हे ध्यानात घ्यावे. तापमान राखणारे स्टेशन इथे कामी येते. व्होल्टेज थोडेफार उतरले तरी ते बिट ठरलेल्या अंशांवर धरून ठेवते. मोबाइलच्या चार्जरवर चालणारी नवी छोटी आयर्नही चांगली असतात, फक्त त्यांना लागतो तेवढ्या वॅटचा चार्जर हवा. ६५ वॅटचे आयर्न २० वॅटच्या चार्जरला लावले तर ते अर्धपोटीच राहणार.

चांगला डाग कसा दिसतो?

पायथ्याशी टिकलीभर पसरलेली आणि वर पायाला बिलगत निमुळती झालेली छोटीशी टेकडी, असा चांगला डाग दिसतो. ६०/४०चा असेल तर तो चमकतो. वाटाण्यासारखा गोल गोळा बसला असेल तर सांधा तापलाच नव्हता. सोल्डर पायाला चिकटले आणि टिकलीपासून फटकून राहिले, तर फक्त पाय तापला होता. उचलताना शेंडीसारखे टोक निघाले, आजूबाजूला काळे डाग पडले, तर आच किंवा वेळ जास्त झाली. कथील आणि तांबे यांच्या मध्ये एक अतिशय पातळ संयुगाचा थर तयार होतो, तोच सांधा धरून ठेवतो. जास्त तापवल्याने हा थर जाड होतो आणि जाड झाला की ठिसूळही होतो. म्हणून सावकाश भाजत ठेवलेला डाग मजबूत होतो, हा समज चुकीचा आहे.

स्वस्त तपकिरी पीसीबी कागद आणि राळेच्या असतात, त्यांच्या टिकल्या लवकर सुटतात. त्यांच्यावर तीन सेकंदांच्या पुढे जाऊ नये. हिरव्या, काचतंतूंच्या पीसीबी अधिक सोसतात. अनेक एलईडींच्या माहितीपत्रकांत २६० अंश आणि पाच सेकंद अशी मर्यादा दिलेली असते. बिट ३५०ला असली तरी दोन-तीन सेकंदांच्या डागात एलईडीचे डोके तेवढे तापत नाही, पण दहा सेकंद रेंगाळलात तर तापेल. एक डाग फसला तर लगेच दुसऱ्यांदा न करता अर्धा मिनिट निवू द्यावा. आयसीसाठी बेस लावावा, सोल्डर बेसला करावे आणि आयसी शेवटी खोचावी, म्हणजे तिला आच लागतच नाही.

जुन्या-नव्या उपकरणांची दुरुस्ती करताना आणखी एक अडचण येते. युरोपीय संघाने १ जुलै २००६पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाच्या वापराला बंदी केली. भारतातही २०११च्या ई-कचरा नियमांनी ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, ती मे २०१४पासून लागू झाली. त्यामुळे अलीकडच्या रेडिओ, चार्जर किंवा खेळण्यातला डाग ३३० अंशांना दाद देत नाही. अशा वेळी आकडा चढवण्याआधी त्या डागावर थोडे ताजे ६०/४० मिसळावे. मिश्रण कमी तापमानाला वितळते आणि डिसोल्डर पंपाने सहज ओढून घेता येते.

धूर, शिसे आणि घरातली लहान मुले

आईवडिलांना खरी धास्ती असते ती शिशाची. ती रास्त आहे, पण बहुतेक जण धुराला घाबरतात आणि हाताकडे दुर्लक्ष करतात. शिशाचा उत्कलनबिंदू १७४९ अंश आहे. साडेतीनशे अंशांना त्याची वाफ नगण्य होते. डोळ्यांत जातो तो धूर फ्लक्सच्या राळेचा असतो. तोही निरुपद्रवी नाही. सतत हुंगल्याने दमा जडू शकतो आणि ज्याला आधीच दमा आहे त्याला त्रास होतो. आच जितकी जास्त तितका धूर जास्त, हे तापमान आवरते ठेवण्याचे आणखी एक कारण. खिडकी उघडी ठेवावी, छोटा पंखा धूर बाजूला ओढून नेईल असा ठेवावा आणि सर्किटवर अगदी ओणवे होऊन काम करू नये.

शिसे पोटात जाते ते हातावाटे. वायर बोटांत धरायची, त्याच हाताने शेवचिवडा खायचा, असे होऊ देऊ नये. जेवणाचे टेबल किंवा ओटा सोल्डरिंगला वापरू नये. खाली पडलेले सोल्डरचे बारीक मणी ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत, कारण रांगते मूल दिसेल ते तोंडात घालते आणि शिशाचा सर्वाधिक अपाय लहान मुलांच्या मेंदूला होतो. घरात तान्हे मूल किंवा गर्भवती स्त्री असेल तर सरळ शिसेविरहित वायर आणावी. वीस-तीस अंश जास्त लागतील, लागू देत.

आयर्नला जड बुडाचे स्टँड हवेच. हातातून निसटले तर ते झेलायला जाऊ नये, पडू द्यावे. भाजलेच तर त्या जागी वीस मिनिटे नळाचे गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, तूप यांतले काहीही लावू नये.

मध्ये जेवायला उठायचे असेल तर आयर्न बंद करावे किंवा स्टेशन दीडशे-दोनशे अंशांवर उतरवून ठेवावे. रिकामे तापत राहिलेली बिट कामापेक्षा लवकर झिजते. काम संपल्यावर मात्र बिट पुसून ठेवायची नाही. तिच्यावर सोल्डरचा चांगला जाड थर द्यायचा आणि तसेच बंद करायचे, म्हणजे तो थर गंज स्वतःवर घेतो. पुढच्या वेळी तापल्यावर तोच पुसला की खाली बिट जशीच्या तशी चमकत असते. आयर्न पूर्ण निवेपर्यंत स्टँडवर ठेवावे, मगच खोक्यात जावे, आणि तोवर मुलाला साबण लावून हात धुवायला पाठवावे.